रात्री तीन वाजताच्या ५८ वर विश्वास ठेवायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६८, टाइप २ मधुमेह १९ वर्षांपासून. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन आणि जोडीला मेटफॉर्मिन. डॉक्टरांनी डाव्या दंडावर १४ दिवसांचा ग्लुकोज सेन्सर लावला. पहिल्या पाच रात्रींत तीनदा, दोन ते साडेतीनच्या दरम्यान, कमी साखरेचा अलार्म वाजला. शेवटच्या वेळी सेन्सरवर ५८ होते. तुम्ही घाबरून तीन-चार मोठे चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून दिलंत. दहा मिनिटांनी बोटाला टोचून पाहिलं तर ११२, आणि सकाळी २४०. वडील म्हणतात, मला काहीच होत नव्हतं, हे यंत्र खोटं आहे, काढून टाका. शिवाय एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची रक्ततपासणी, ७.४ आहे, मग काळजी कसली? आणि तुम्ही विचारता: सेन्सर बिघडलाय का, बोटाला टोचणं आता बंद करायचं का, आणि हे पुढे कायम लावायचं का?

सेन्सर काढू नका. एकाच वेळेच्या आसपास तीन रात्री वाजलेला अलार्म हा माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ५८ खरे की ११२ खरे हा वाद त्याच्यापुढे लहान आहे. तिन्हींपैकी दोन अलार्म खोटे निघाले तरी तिसऱ्याचा छडा लावायलाच हवा. पण वडिलांचा यंत्रावर विश्वास बसल्याशिवाय ते पुढचं काही ऐकणार नाहीत, म्हणून आधी त्या दोन आकड्यांचंच पाहू.

सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखाली साधारण अर्धा सेंटिमीटर जाणारा केसासारखा बारीक, लवचीक धागा असतो. तो पेशींभोवतीच्या द्रवात बसतो. त्याच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम लावलेलं असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ग्लुकोज जास्त तर प्रवाह जास्त. ही मूळ कल्पना १९६२ सालची, लिलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या दोन अमेरिकी संशोधकांची. बोटाच्या पट्टीतही तत्त्व बहुतेकदा हेच असतं. फरक असतो तो मोजण्याच्या जागेचा.

रक्तातली साखर केशवाहिन्यांतून झिरपून त्या द्रवात पोचायला वेळ लागतो. साधारण पाच ते दहा मिनिटं, साखर झपाट्याने बदलत असेल तर थोडी जास्तच. साखर स्थिर असेल तेव्हा हा उशीर जाणवत नाही, दोन्ही आकडे जवळपास येतात. पण साखर वेगाने खाली जात असेल तर रक्त पुढे आणि सेन्सर मागे, म्हणजे सेन्सर दाखवतो त्याहून रक्तातली साखर कमी असू शकते. आणि ग्लुकोज पाजल्यावर साखर वर येऊ लागते तेव्हा उलटं होतं: रक्त सावरलेलं असतं, सेन्सर मात्र अजून ६० च्या खालीच दिसतो. घरचे लोक तो आकडा बघून दुसरा ग्लास देतात, मग तिसरा. सकाळी २४० दिसले की सगळे म्हणतात, साखर किती वाढलीय! ती आपणच वाढवलेली असते.

तुमच्या हिशेबात आणखी एक गोष्ट मला खटकते. पंधरा ग्रॅम ग्लुकोजने रक्तातली साखर पंधरा-वीस मिनिटांत ढोबळमानाने ३० ते ५० नी वाढते. तुम्ही दिलंत त्याच्या तिप्पट-चौपट, हे खरं. पण पोटातून रक्तात यायला वेळ लागतोच. दहा मिनिटांत ५८ चे ११२ होणं जरा जास्तच वेगवान आहे. त्यामुळे माझ्या मनात दोन शंका येतात.

पहिली शंका बोटाची. ग्लुकोजची पूड कालवताना, ग्लास हातात धरताना बोटाला पूड किंवा गोड पाणी लागलं आणि त्याच बोटाला टोचलं, तर पट्टीवरचा आकडा वर जातो. कणभर ग्लुकोजही पुरतं, कारण रक्ताचा थेंब अतिशय लहान असतो. रुग्णाने गोड फळ सोललं आणि हात न धुता टोचलं, तर पट्टीने साफ चुकीचा आकडा दाखवल्याचं मी पाहिलं आहे. बोट पाण्याने धुऊन, कोरडं करून मगच टोचायचं. रात्री उठून बेसिनपर्यंत जाणं शक्य नसेल तर ओल्या कापडाने पुसा, कोरड्या कापडाने टिपा, आणि पहिला थेंब पुसून दुसरा घ्या.

दुसरी शंका कुशीची. वडील डाव्या अंगावर झोपतात का? सेन्सरवर शरीराचा भार पडला की तिथला रक्तपुरवठा आणि द्रवाची हालचाल मंदावते, आणि सेन्सर प्रत्यक्षात नसलेली कमी साखर दाखवतो. दाबामुळे येणारा हा खोटा हायपो (हायपो म्हणजे साखर फार कमी होणं) आम्हाला रोजच्या रोज दिसतो. तो ओळखायचा असेल तर आकड्याकडे न बघता आलेखाच्या आकाराकडे बघा. दाबाचा हायपो डोंगराच्या उभ्या कड्यासारखा असतो: १२० वर चाललेली रेघ एकाएकी ६० ला कोसळते, तिथे काही वेळ सपाट राहते, आणि माणूस कूस बदलल्यावर काहीही न खाता तशीच ताडकन वर येते. खरा हायपो उतारासारखा असतो: तासा-दोन तासांत १३०, ११०, ९०, ७५ असा हळूहळू खाली येणारा. आणि सावरतो तेव्हाही वळण घेत सावरतो.

तुमच्या मोबाइलमध्ये त्या तिन्ही रात्रींचा आलेख आहे. आजच उघडून बघा. कडा दिसला की उतार, एवढंच पाहायचं आहे. तिसऱ्या रात्रीचा आलेख तुम्ही दिलेल्या ग्लुकोजमुळे बिघडलेला असणार, म्हणून आधीच्या दोन रात्री जास्त लक्षपूर्वक बघा. त्याच वेळी सेन्सर लावल्याची तारीखही पाहा. पहिल्या चोवीस तासांत धागा नव्याने टोचल्यामुळे तिथली पेशीजालं दुखावलेली असतात, आणि आकडे भरवशाचे नसतात. पहिल्याच रात्रीचा अलार्म असेल तर त्याला मी कमी किंमत देईन.

आता वडिलांचं वाक्य: मला काही होत नव्हतं. हे वाक्य मी ज्येष्ठांकडून फार ऐकतो आणि दरवेळी थोडा घाबरतो. कमी साखरेचा घाम, थरथर, धडधड, भूक ही शरीराची हाक असते. मधुमेह जुना झाला, वारंवार हायपो झाले, की ही हाक क्षीण होत जाते. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातलं औषध चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखी दबते. शिवाय झोपेत ही लक्षणं कळतातच असं नाही. तेव्हा १९ वर्षांच्या मधुमेहात काही जाणवलं नाही म्हणजे काही झालं नाही, असं धरून चालता येत नाही. सकाळी डोकं जड होतं का, रात्री बनियन घामाने भिजतं का, विचित्र स्वप्नं पडतात का, सकाळी चिडचिड असते का, हे आईंना विचारा. वडिलांना विचारून कळणार नाही.

आणि वेळ पाहा. मिश्र इन्सुलिनमध्ये दोन भाग असतात, एक झटपट काम करणारा आणि एक हळू. हळू भागाचा जोर इंजेक्शननंतर साधारण चार ते दहा तासांत असतो. रात्रीच्या जेवणाआधी आठ वाजता घेतलेल्या इंजेक्शनचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत येतो, नेमका तेव्हाच, जेव्हा पोटात काही नसतं. पहाटे दोन ते साडेतीन ही अशा हायपोची अगदी ठरलेली वेळ आहे. त्या दिवशी जेवण कमी झालं असेल, संध्याकाळी चालणं जास्त झालं असेल, तर आणखी. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून इतक्या वर्षांच्या मधुमेहात शेवटचं क्रिएटिनिन कधी तपासलं हेही डॉक्टरांना दाखवा. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर इतकी खाली नेत नाही. संशय संध्याकाळच्या इन्सुलिनवरच आहे.

मग ७.४ चं काय? एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. सरासरीचा दोष तुम्हाला ठाऊकच आहे. एक माणूस दिवसभर ११० ते २०० मध्ये राहतो, दुसरा पहाटे ५० आणि सकाळी २८० करतो. दोघांचा एचबीएवनसी सारखा येऊ शकतो. ७ म्हणजे साधारण १५४ ची सरासरी, एवढंच तो सांगतो. रात्री कमी होणारी साखर त्या सरासरीला खाली ओढून रिपोर्ट आणखी सुंदर करते! रक्तक्षय असेल, अलीकडे रक्त चढवलं असेल, हिमोग्लोबिनच्या रचनेत आनुवंशिक फरक असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आकडाच दिशाभूल करतो. सेन्सरचं मोल मला वाटतं ते इथेच: त्याने पहिल्यांदा आम्हाला रात्र दाखवली. १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला पहिला सेन्सर फक्त तीन दिवस चालायचा, आणि त्यातले आकडे रुग्णाला दिसतही नसत. नंतर डॉक्टर संगणकावर बघायचे. २०१४ मध्ये युरोपात लिब्रे नावाचा सेन्सर आला. तो १४ दिवस चालायचा आणि रोज बोटाला टोचून त्याचं माप जुळवत बसावं लागत नव्हतं. आज दर मिनिटाला किंवा पाच मिनिटांना आकडा मिळतो. पाच मिनिटांचा धरला तरी दिवसाला २८८. बोटाला टोचून कोणी २८८ वेळा बघणार नाही, आणि पहाटे तीनला तर कोणीच बघत नाही.

अचूकतेबद्दल एवढंच लक्षात ठेवा. आजच्या चांगल्या सेन्सरची प्रयोगशाळेच्या मापाशी तुलना केली तर सरासरी फरक आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास असतो. घरचा ग्लुकोमीटरही काटेकोर नाही: त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खाली १५ इतका आणि वर १५ टक्के इतका फरक चालतो, तोही शंभरपैकी पंचाण्णव वेळा. तेव्हा सेन्सर १६० आणि पट्टी १८० म्हणाली तर कोण खोटं हा प्रश्नच नाही. माझा व्यवहारातला ठोकताळा असा: १०० च्या खाली असताना २० पर्यंतचा आणि १०० च्या वर २० टक्क्यांपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त फरक, साखर स्थिर असताना, हात धुऊन, दोन-तीनदा आला तरच सेन्सरवर शंका घेतो. तुलना करायचीच असेल तर जेवणाआधी, सेन्सरच्या आकड्याशेजारचा बाण आडवा असताना, म्हणजे साखर स्थिर असताना करा. जेवणानंतर तासाभराने किंवा ग्लुकोज दिल्यावर केलेली तुलना दोघांवरही अन्याय करते.

काही औषधं सेन्सरला फसवतात. कोणती, ते सेन्सरच्या जातीवर अवलंबून असतं. काही सेन्सरवर पॅरासिटामॉलने आकडा खोटा वाढतो, काहींवर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने. हायड्रॉक्सियुरिया (काही रक्तविकारांवरचं औषध) घेणाऱ्यांनी तर सेन्सर लावण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. वडिलांच्या सेन्सरच्या पाकिटातला कागद काढून हे तीन शब्द त्यात शोधा. फसवा वाढलेला आकडा जास्त धोक्याचा असतो, कारण त्याच्याआड खरी कमी साखर लपते. डायलिसिसवरच्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या बाबतीत सेन्सरवर एकट्याने भिस्त ठेवू नये.

बोटाला टोचणं बंद करायचं का? रोजचं चार-चार वेळचं टोचणं बंद होऊ शकतं. ग्लुकोमीटर मात्र घरातून जाऊ द्यायचा नाही. लक्षणं एक सांगतायत आणि सेन्सर दुसरंच सांगतोय, तेव्हा टोचा. पहिल्या दिवशी टोचा. सेन्सरवर आकडा येत नसेल तेव्हा टोचा. आणि हायपोवर उपचार केल्यावर पंधरा मिनिटांनी सुधारणा पाहायची ती बोटावरच पाहा, सेन्सरवर नाही. त्याला मागे राहण्याची सवय आहे हे वर सांगितलंच.

आज रात्री अलार्म वाजला तर काय करायचं ते क्रमाने सांगतो. दिवा लावा, वडिलांना हाक मारा, उठवून बसवा. बसवल्याने दंडावरचा दाब आपोआप जातो. ते नीट बोलत असतील, घाम नसेल, तर बोट पुसून टोचा. ७० च्या खाली असेल तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्या. मोठा भरलेला चमचा दहा-पंधरा ग्रॅमचा असतो, म्हणजे एक, फार तर दीड. चार नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर आणि पुढचं जेवण दूर असेल तर थोडं काही खायला द्या. पण उठवल्यावर ते गोंधळलेले असतील, घामाघूम असतील, उत्तर असंबद्ध येत असेल, तर टोचण्यात वेळ घालवू नका, आधी ग्लुकोज द्या. गिळता येत नसेल किंवा शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉन (साखर वाढवणारं आणीबाणीचं औषध) असेल तर ते द्यायचं आणि तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. आणखी एक बारकावा: अकार्बोज किंवा वोग्लिबोज यांसारखी गोळी कुणाला चालू असेल तर साधी साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच थांबवते. तिथे ग्लुकोजच लागतं. तुम्ही ग्लुकोज घरात ठेवलंय हे फार चांगलं केलंत.

त्या ५८ च्या बाजूला एक छोटा बाण होता, तो तुम्ही सांगितला नाहीत. बहुतेक लोक सांगत नाहीत, आणि आकड्यापेक्षा तोच जास्त सांगतो. आडवा बाण म्हणजे साखर जवळपास स्थिर, मिनिटाला १ पेक्षा कमी फरक. तिरका म्हणजे मिनिटाला १ ते २. सरळ वर किंवा खाली म्हणजे २ पेक्षा जास्त. हा काही सेन्सरवरचा अर्थ. तुमच्या सेन्सरचा पुस्तिकेत पाहा. झोपताना ११० आणि बाण आडवा, ही शांत रात्र असू शकते. झोपताना ११० आणि बाण सरळ खाली, म्हणजे अर्ध्या तासात ५० च्या घरात. आकडा एकच, निर्णय वेगळा. म्हणून रुग्ण मला फोनवर आकडा सांगतो तेव्हा मी नेहमी विचारतो, बाण कुठे आहे?

चौदा दिवस संपले की रिपोर्ट निघेल. तो रंगीत पट्ट्यांचा कागद पाहून लोक वरच्या मोठ्या आकड्याला भिडतात. मी तो वेगळ्या क्रमाने वाचतो. आधी पाहतो, चौदा दिवसांपैकी किमान सत्तर टक्के वेळेची नोंद आहे का. नसेल तर पुढचं वाचण्यात फारसा अर्थ नाही. मग थेट ७० च्या खालचा भाग. मग रात्र. जेवणानंतरचे डोंगर सगळ्यात शेवटी. हायपो आधी थांबवायचा आणि मग वाढलेल्या साखरेला हात लावायचा, कारण रात्री साखर कोसळते, सकाळी उसळी येते, त्या उसळीवर कुणी इन्सुलिन वाढवतं, आणि पुढची रात्र आणखी खोल जाते. हे चक्र उलट्या टोकाने तोडता येत नाही.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमताने काही लक्ष्यं ठरवली. बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा ७० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळपास सतरा तास. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. मात्र वय झालेल्या आणि हायपोचा धोका असलेल्या माणसासाठी लक्ष्य मुद्दाम सैल केलेलं आहे: पट्ट्यात निम्मा वेळ असला तरी चालेल, पण ७० च्या खाली १ टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटंसुद्धा नाही. वडिलांचा रिपोर्ट या दुसऱ्या मापाने वाचायला हवा, असं मला वाटतं. म्हातारपणी रात्रीचा हायपो म्हणजे बाथरूमला जाताना तोल जाणं, खुब्याचं हाड मोडणं, हृदयाचे ठोके बिघडणं. त्यापुढे सकाळच्या १७० ची किंमत मी कमी धरतो. गर्भवतींसाठी लक्ष्य वेगळं आणि कडक असतं, ६३ ते १४० चं. ते तुमच्या घरी आत्ता लागू नाही.

रिपोर्टवर जीएमआय नावाचा आकडा असेल. सेन्सरच्या सरासरीवरून काढलेला तो एचबीएवनसीचा अंदाज असतो. प्रयोगशाळेचे ७.४ आणि जीएमआय यांत मोठं अंतर पडलं तर हिमोग्लोबिनचा आणि मूत्रपिंडाचा विचार करायचा. सीव्ही असा आणखी एक आकडा असतो, चढउतार दाखवणारा. तो ३६ टक्क्यांपर्यंत असेल तर साखर बऱ्यापैकी स्थिर. वर गेला की हायपोचा धोका वाढतो.

एक इशारा मोठ्याने द्यायचा आहे. सेन्सरवर आकडा वर दिसला म्हणून मिश्र इन्सुलिनचा जादा डोस कधीही देऊ नका. झटपट इन्सुलिनसुद्धा तीन ते पाच तास काम करतं. जेवणानंतर तासाभराने २३० दिसले, म्हणून एक डोस, अर्ध्या तासाने बाण अजून वर म्हणून दुसरा, आणि तीन तासांनी दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. सेन्सर हातात आल्यावर ही चूक शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते, कारण आकडा समोर दिसत असताना स्वस्थ बसणं अवघड असतं. वडिलांच्या बाबतीत नियम सोपा ठेवा: सेन्सर बघून कमी साखरेवर लगेच कृती, वाढलेल्या साखरेवर फक्त नोंद. अपवाद आजारपणाचा. उलट्या, ताप, आणि साखर सतत ३०० च्या आसपास असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सेन्सर कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात साचणारे आम्लधर्मी पदार्थ) दाखवत नाही, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून अलार्मही तसेच लावा. ७० चा चालू, त्याखालचा तातडीचा चालू. वाढलेल्या साखरेचा अलार्म आत्ता बंद, किंवा २८०-३०० वर. दिवसात बारा वेळा वाजणारं यंत्र कुणीही तिसऱ्या दिवशी गप्प करतं, आणि मग खरा अलार्मही गप्प होतो.

तुमच्या मोबाइलवर त्यांचे आकडे येत असतील तर एक विनंती. जेवणानंतर १९० दिसले की फोन करून काय खाल्लं असं विचारू नका. माझ्याकडे एक गृहस्थ येत, ते मुलाच्या फोनच्या भीतीने उपाशी राहू लागले होते आणि वर इन्सुलिन घेत होते. त्यांना हायपो व्हायला लागले ते त्यामुळे. ज्याच्या दंडावर सेन्सर आहे त्याला तो पहाऱ्यासारखा वाटला की तो काढून टाकावासाच वाटणार. वडिलांशी असं ठरवा की कमी साखरेच्या अलार्मलाच तुम्ही फोन कराल. बाकीचं ते स्वतः बघतील. त्यांना एक छोटा प्रयोग द्या: आज जेवणानंतर बसून राहायचं, उद्या तेवढंच जेवून पंधरा मिनिटं चालायचं, आणि दोन्ही दिवसांचे डोंगर शेजारी शेजारी ठेवून बघायचे. यंत्र खोटं आहे म्हणणारे कितीतरी जण या एका प्रयोगाने यंत्राचे मित्र झालेले मी पाहिलेत. मात्र प्रत्येक डोंगराला घाबरायचं नाही. मधुमेह नसलेल्यांचीही साखर जेवणानंतर कधीकधी १४० ओलांडते आणि आपसूक उतरते.

कायम लावायचा का? टाइप १ असेल, दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन असेल, हायपोची लक्षणं कळत नसतील, किंवा टाइप १ असताना गरोदरपण असेल, तर मी शक्य तितका काळ सलग लावायला सांगतो. गरोदरपणाबाबत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कन्सेप्ट अभ्यासात बाळांच्या तब्येतीत फरक दिसला होता. जेवणाआधीचं इन्सुलिन न घेता फक्त बेसल, म्हणजे हळू आणि दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २ रुग्णांवरचा मोबाइल नावाचा अभ्यास २०२१ मध्ये आला. आठ महिन्यांत सेन्सरवाल्यांचा एचबीएवनसी सरासरी ९.१ वरून ८.० झाला, बोटाला टोचणाऱ्यांचा ९.० वरून ८.४. फायदा खरा आहे, पण चमत्कार नाही. फक्त मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांवर असलेल्याला वर्षातून एक-दोनदा चौदा दिवस पुरतात. मधुमेह नसलेल्याने लावावा असं मला वाटत नाही. आणि टोचल्याशिवाय साखर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी कुणी सुचवली तर घेऊ नका. असं एकही उपकरण आपण मंजूर केलेलं नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे.

तुमच्या वडिलांसाठी माझं मत: हे चौदा दिवस पूर्ण करा, डोस बदलला की लगेच आणखी चौदा दिवस, आणि रात्र शांत झालेली दिसली की मध्ये थांबा. हायपो कळतच नाहीत असं सिद्ध झालं तर मात्र सलग. तेवढा खर्च झेपत नसेल तर आठवड्यातून दोनदा पहाटे तीनचा गजर लावून बोटाला टोचणं हा जुना उपाय अजूनही चांगला आहे.

पुढचा सेन्सर ज्या कुशीवर ते झोपत नाहीत त्या बाजूच्या दंडावर लावा. जागा दरवेळी बदला. कातडी लाल होऊन खाज सुटली तर डिंकाची ॲलर्जी असू शकते. काहींना त्यातल्या ॲक्रिलेटचा त्रास होतो. ओरबाडत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

चौदा दिवस संपायची वाट मात्र बघू नका. उद्या सकाळीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. तिन्ही रात्रींच्या आलेखाचे फोटो, संध्याकाळच्या इंजेक्शनची वेळ आणि युनिट, त्या त्या रात्रीचं जेवण किती झालं, कोणत्या कुशीवर झोपले होते, आणि बोटाचा आकडा ग्लुकोजच्या आधीचा की नंतरचा, एवढं लिहून पाठवा. संध्याकाळचा डोस कमी करायचा, वेळ बदलायची की इन्सुलिनची जातच बदलायची, हे त्यांनी ठरवायचं आहे. तुम्ही आपल्या मनाने डोस बंद करू नका. त्यांचं उत्तर येईपर्यंत झोपण्यापूर्वी एकदा सेन्सर आणि बाण बघा. १०० च्या खाली असेल किंवा बाण खाली झुकलेला असेल तर काही खायला देऊनच झोपवा, आणि पहाटे दोनला तुम्ही स्वतः एकदा उठा.